‘एवढा एकच सेक्टर, सर’

या वेळचं पत्र एका क्रू कंट्रोलरचं आहे. थोडं आटोपशीर करून देतोय. त्यातला ‘सेक्टर’ म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंतचं एक उड्डाण, आणि ‘रोस्टर’ म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक.

“सर, मी एका विमान कंपनीच्या क्रू कंट्रोलमध्ये काम करते. कोणी आजारी पडलं, विमान लेट झालं, हवामान बिघडलं की रोस्टरला पडलेली भोकं बुजवायची, हे आमचं काम. मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला एका कॅप्टनना फोन केला. दुपारी चारचं रिपोर्टिंग, तीन सेक्टर झालेले, लागोपाठ चौथी लेट ड्युटी. वादळामुळे दुसऱ्या क्रूचं विमान भलत्याच विमानतळावर उतरलं होतं आणि एक सेक्टर उघडा पडला होता. सिस्टीममध्ये कॅप्टनचं नाव हिरवं होतं. तो सेक्टर करूनही ड्युटीच्या मर्यादेपर्यंत तासभर हातात राहत होता. ते म्हणाले, ‘आज जरा दमलोय.’ मी म्हटलं, ‘एवढा एकच सेक्टर, सर. स्टँडबायला कोणीच उरलं नाही.’ ते दोन क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, ‘बरं.’ सव्वाएकच्या सुमाराला विमान नीट उतरलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. रनवे सोडल्यावर टॅक्सीवेवर ते दोनदा चुकीच्या बाजूला वळायला निघाले होते, को-पायलटनं थांबवलं. ‘तुमच्यावर राग नाही, पण सांगून ठेवतो,’ म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. सर, सगळं नियमात होतं. तरी माझं चुकलं का? दुसरं, कोणी ‘फटीग’, म्हणजे थकवा, म्हणालं तर सिस्टीममध्ये ‘सिक’ टाक, चौकशीची कटकट नको, असं आमचे सीनियर सांगतात. ते बरोबर आहे का? आणि तिसरं, मी हे काम सोडावं का?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचे दोन त्याच्याच पोटात आहेत.

हो, चुकलं. थोडं तुमचं, बरंचसं तुमच्या वर बसलेल्यांचं. सेक्टर विचारलात यात काही गैर नाही, ते तुमचं कामच आहे. पण ते ‘जरा दमलोय’ म्हणाले, त्यातलं ‘जरा’ तुम्ही ऐकलंत आणि ‘दमलोय’ सोडून दिलंत. वैमानिकांची बोली तुम्हाला एव्हाना कळायला हवी. आम्हाला आवाज खाली ठेवायची सवय लावलेली असते. इंजिन बंद पडलं तरी रेडिओवर आम्ही किराणा सांगितल्यासारखे बोलतो. असा माणूस आपण होऊन ‘दमलोय’ म्हणाला, तर ‘जरा’ हा शब्द निव्वळ संकोचाचा समजायचा.

आता त्या हिरव्या रंगाबद्दल.

तुमची सिस्टीम रिपोर्टिंगपासून मोजायला लागते. चारला रिपोर्टिंग, सव्वाएकला लँडिंग, म्हणजे सव्वानऊ तास. ठीक. पण माणूस झोपेतून कधी उठला, याला त्या पडद्यावर रकानाच नाही. लेट ड्युटी असली म्हणून घर उशिरा उठत नाही. ते सकाळी आठला उठले असं धरलं, तर चाकं टेकली तेव्हा त्यांना जागं होऊन सव्वासतरा तास झाले होते. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली एक तुलना मांडली. सलग १७ तास जागा असलेला माणूस हात-डोळ्यांच्या चाचणीत, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकाच ढिला पडतो. चोवीस तास जागा राहिला तर ०.१० टक्क्यांच्या जवळ जातो. कित्येक देशांत ०.०५ टक्क्याला गाडीसुद्धा चालवू देत नाहीत. तोंडाला दारूचा वास येणाऱ्या वैमानिकाला तुम्ही ‘एवढा एकच सेक्टर’ म्हणाला असतात का?

त्यात चौथी लेट ड्युटी. शिवाय पहाटे दोन ते सहा या काळात शरीराचं घड्याळ अगदी तळाला जातं. आमच्या धंद्यात सगळे फटीगचे नियम या पट्ट्याभोवती फिरतात. तुमचं विमान त्या पट्ट्याच्या उंबऱ्यावर उतरलं. आणखी एक विमान लेट झालं असतं तर आतच गेलं असतं.

म्हणून नियम फालतू आहेत असं नाही. अमेरिकेत जानेवारी २०१४ पासून लागू झालेले नियम बघा. दोनच वैमानिक असले तर एका ड्युटीत उड्डाणाच्या कामाला जास्तीत जास्त ९ ते १४ तास मिळतात, आणि नेमके किती, हे ड्युटी कधी सुरू झाली आणि सेक्टर किती आहेत यावर ठरतं. सकाळी सुरू केली तर जास्त, रात्री केली तर कमी, सेक्टर वाढले की आणखी कमी. ड्युटीआधी दहा तास विश्रांती, त्यात सलग आठ तास झोपेची संधी. युरोपातही याच धर्तीचं कोष्टक आहे. पण त्याच अमेरिकी नियमात आणखी एक कलम आहे आणि क्रू कंट्रोलमध्ये त्याची आठवण कोणाला सहसा येत नाही. वैमानिकानं स्वतः ‘मी फिट आहे’ असं लिहून द्यायचं, आणि ‘सुरक्षितपणे उडवता येणार नाही इतका थकलोय’ असं तो म्हणाला तर कंपनीनं त्याला उडवायचंच नाही, मग कोष्टकात कितीही तास शिल्लक असोत. दाराला कुलपं दोन आहेत. सिस्टीम एकच उघडते.

कोष्टकात बसणारं सगळं चालतं असं मानलं की काय होतं, याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण १९९३ च्या ऑगस्टमधलं, ग्वांतानामो बे इथल्या अपघाताचं आहे. अमेरिकन इंटरनॅशनल एअरवेजचं डीसी-८ मालवाहू विमान. तिघांचा क्रू रात्रभर उडून आला होता, घरी परतायच्या बेतात होता, आणि त्यांना अचानक ही जादा फेरी मिळाली. उतरायला गेले तेव्हा १८ तास ड्युटी झाली होती आणि कॅप्टन तेवीस तासांहून जास्त जागा होता. तिथल्या धावपट्टीच्या जवळच क्यूबाची हद्द आहे, त्यामुळे अगदी शेवटी कडक वळण घ्यावं लागतं. हद्दीची खूण म्हणून तिथे एक लुकलुकता दिवा असायचा. तो त्या दिवशी बंदच होता. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये कॅप्टन पुन्हा पुन्हा विचारतो, तो दिवा कुठंय? वेग कमी होतोय हे बाकीचे दोघं त्याला सांगतायत, आणि त्याचं लक्ष दिव्यातून सुटत नाही. विमान वळणातच पडलं. तिघंही जबर जखमी झाले, पण वाचले, म्हणून आपल्याला आतली हकिगत कळली. थकवा हे अपघाताचं संभाव्य कारण म्हणून अमेरिकी तपास यंत्रणेनं प्रथम नोंदवलं ते या अपघातात.

आणि तुमच्या कामाचा मुद्दा पुढे आहे. माल उतरवून विमान रिकामं परत न्यायचं होतं. रिकामी फेरी वेगळ्या नियमाखाली येत असल्यामुळे ती हिशेबात धरायची गरज नव्हती. ती धरली असती तर ड्युटी चोवीस तासांच्या घरात जात होती. कोणीतरी टेबलापाशी बसून हा हिशेब केला असणार आणि तो नियमात बसतो हे पाहून पुढच्या कामाला लागला असणार. तो माणूस वाईट होता असं मला वाटत नाही. त्याच्याकडेही त्या दिवशी बुजवायचं एक भोक होतं.

आता तुम्ही म्हणाल, कॅप्टनना नकार द्यायचा हक्क होता ना? मग त्यांनी स्पष्ट ‘नाही’ का म्हटलं नाही?

माझीच एक रात्र सांगतो. लागोपाठची चौथी रात्र, पहाटे चारचा सुमार, विमान उतरायच्या तयारीत. एअर ट्रॅफिक कंट्रोलरनं नवी उंची दिली. ती मी रेडिओवर शब्द न् शब्द बरोबर परत म्हणून दाखवली आणि हात नॉबकडे नेला. फूटभराचं अंतर. बोटं नॉबला लागली तोवर आकडा डोक्यातून पुसला गेला होता. मी को-पायलटकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता, कारण त्यालाही आठवत नव्हता. पुन्हा विचारून घेतला, काही झालं नाही. पण संध्याकाळी निघताना क्रू कंट्रोलच्या मुलानं फोनवर विचारलं होतं, ‘फिट ना सर?’ आणि मी ‘एकदम’ म्हणालो होतो. खोटं नव्हतो बोललो. मला खरंच तसं वाटत होतं.

यातलीच गोम तुम्ही समजून घ्यायला हवी. झोपेच्या एका प्रसिद्ध प्रयोगात काही लोकांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं होतं. त्यांची चाचणीतली कामगिरी दिवसागणिक घसरत गेली आणि शेवटी सलग एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पंगतीला जाऊन बसली. त्यांना स्वतःला मात्र पहिल्या काही दिवसांनंतर आपण आणखी घसरतोय असं फारसं वाटलंच नाही. थकवा माणसाचं मीटरच आधी बिघडवतो. म्हणून ‘मी दमलोय’ हे वाक्य जेव्हा कधी येतं, तेव्हा ते मुळात उशिरा आलेलं असतं. त्यावर घासाघीस करायची नसते.

आणि तुम्ही नकळत घासाघीस केलीत. ‘एवढा एकच’ हा भावाचा भाग झाला, ‘कोणीच उरलं नाही’ हा भिडेचा. भीड पडली की कॅप्टन ‘बरं’ म्हणतो. को-पायलट तर हमखास म्हणतो. त्याला पुढे कॅप्टन व्हायचं असतं.

मग फोनवर बोलायचं कसं? विचारताना सेक्टरची अडचण आधी सांगू नका. आधी विचारा, ‘सर, एक सेक्टर आहे, उतरायला सव्वाएक होईल. तोपर्यंत तुम्ही ठीक असाल का?’ उतरायची वेळ सांगायची, निघायची नाही. निघताना सगळेच ठीक असतात. प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. त्या दोन क्षणांच्या शांततेत तुमच्या कॅप्टननं खरं उत्तर दिलेलं होतं. ‘बरं’ हा नंतरचा शिष्टाचार. उत्तरात ‘जरा’, ‘बघू’, ‘चालेल तसं’ असं काही आलं, तर ‘मी नाही असं लिहिते, सर. तुम्ही झोपा,’ एवढं म्हणून फोन ठेवायचा. तुम्ही डॉक्टर नाही, किती झोपलात, घरी काय करत होतात, ही उलटतपासणी करायची नाही. माणूस नाही म्हणाला की संशयानं कारण विचारणं हीसुद्धा भीडच.

‘सर, डिस्क्रिशन घ्याल ना?’ हे वाक्य तुमच्या खोलीतून हद्दपार करा. वेळ उलटून गेल्यावर ड्युटी थोडी वाढवायचा अधिकार कॅप्टनला दिलाय तो आकाशात किंवा विमानतळावर अनपेक्षित काही घडलं तर. त्यातही त्यानं बाकीच्या क्रूचा अंदाज घेऊन मग ठरवायचं असतं. क्रू कंट्रोलनं आधीच तो दोन तासांचा राखीव साठा धरून हिशेब मांडायचा, यासाठी तो नाही. केबिन क्रूही त्याच विमानात असतात, तेही जागेच असतात, आणि त्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. हे जाता जाता.

दुसरा प्रश्न, ‘सिक’ टाकण्याचा. इथे मी तुमच्या सीनियरच्या सरळ विरोधात आहे. हे कृपया त्यांनाही दाखवा.

आजारपण माणसाचं असतं, फटीग रोस्टरचा असतो. फटीगला ‘सिक’ म्हणून नोंदवलं की दोष रोस्टरवरून काढून माणसाच्या खात्यावर टाकला जातो. चार महिन्यांनी कोणीतरी त्या माणसाची सिकची संख्या मोजतं आणि त्याला बोलावून घेतं. पुढच्या वेळी तो काय सांगेल? काहीच नाही, फिट म्हणेल आणि येईल. इकडे ज्या ड्युटीमुळे हे झालं ती पुढच्या महिन्याच्या रोस्टरमध्ये जशीच्या तशी छापली जाते, कारण तिच्याविरुद्ध कागदावर काहीच नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं फटीगच्या जोखमीचं व्यवस्थापन म्हणून जी पद्धत आणली, तिचं इंधन हे रिपोर्टच आहेत. रिपोर्ट नसतील तर ती नुसती फाइल. फटीगचे रिपोर्ट शून्य आहेत असं एखादी कंपनी अभिमानानं सांगायला लागली, तर मला तिथे लोक ताजेतवाने आहेत असं वाटत नाही. लोक घाबरलेत असं वाटतं.

तुमच्या अधिकारात काय आहे? सिस्टीममध्ये फटीगचा कोड असेल तर तोच टाका. नसेल तर शेऱ्याच्या रकान्यात त्या माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहा, वेळेसकट. ‘रा. ११:३२, आज जरा दमलोय म्हणाले.’ बस. आणि एक साधी वही ठेवा, नावं न लिहिता, फक्त ड्युटीचे नमुने. कुठल्या ड्युटीला लोक पडतात हे प्लॅनिंगवाल्यांच्या सॉफ्टवेअरला कळायच्या आधी क्रू कंट्रोलच्या टेबलाला कळतं. मी पुढे काही वर्षं रोस्टरिंगच्या बाजूला बसलो, तेव्हा माझं डोळे उघडण्याचं काम अशाच एका वहीनं केलं. एकाच आठवड्यात लेट ड्युट्यांवरून झटकन पहाटेच्या ड्युट्यांवर आणलेली माणसं तिच्यात वारंवार होती. कागदावर विश्रांती भरपूर, पण रात्री एकला झोपायची सवय लागलेल्या शरीराला दोन दिवसांनी ‘आठला झोप, तीनला उठ’ म्हणून सांगता येत नाही. संध्याकाळचे ते दोन-तीन तास शरीर झोप येऊच देत नाही. माणूस अंथरुणावर पडून छताकडे बघत बसतो आणि सिस्टीम त्याचे विश्रांतीचे तास मोजत राहते. पहाटेकडून लेटकडे सरकवलं तर शरीर त्या मानानं खळखळ न करता ऐकतं. हा बदल आम्ही केला, त्याला जादा माणूस एकही लागला नाही.

विश्रांती आणि झोप यांतल्या फरकाचा आणखी एक पुरावा म्हणजे २००९ सालचा बफेलोजवळचा कोलगन एअरचा अपघात. पन्नास माणसं गेली. को-पायलट आदल्या रात्री देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला विमानानं येऊन कामावर हजर झाली होती, कॅप्टननं रात्र क्रू रूममध्ये काढली होती. थकव्याचा त्यात नेमका वाटा किती, हे तपासात ठरवता आलं नाही. पण वर सांगितलेले २०१४ चे नियम आले ते या अपघातानंतरच्या रेट्यातून. रोस्टरवर त्या दोघांची विश्रांती पूर्ण दिसत होती.

जादा माणूस लागतो तो स्टँडबायला, आणि ‘कोणीच उरलं नाही’ हे तुमचं वाक्य तुमच्या पायरीवरचं नाहीच. वादळं ठरावीक मोसमात येतात हे सगळ्यांना माहीत असतं. त्या मोसमात रोस्टर मर्यादेला टेकवून आखायचं आणि मग रात्री साडेअकराला एका मुलीच्या हातात फोन देऊन ‘बघ जमतंय का’ म्हणायचं, हा निर्णय तीन महिन्यांपूर्वी, दिवसाढवळ्या, झोप झालेल्या माणसांनी घेतलेला असतो. म्हणून वहीतलं महिन्यातून एकदा लेखी वर पाठवा. तक्रारीच्या सुरात नको. अमुक ड्युटी, अमुक वेळा उघडी पडली, अमुक वेळा लोक दमलो म्हणाले. सेफ्टी विभागाला प्रत जाऊ द्या. सीनियरना न कळवता मात्र नको.

काम सोडायचं का? माझं मत विचाराल तर एवढ्यात नको. त्या फोननंतर तुमची झोप उडालीय, आणि अशी माणसं त्या खुर्चीत मला हवी आहेत. पण एक विचारतो. त्या रात्री तुमची कितवी नाईट होती? वैमानिकांना निदान कोष्टक तरी आहे. क्रू कंट्रोलवाल्यांच्या तासांना असं कोष्टक फारसं कोणी लावत नाही, आणि दमलेला माणूस दुसऱ्याचा थकवा ओळखण्यात फार कच्चा असतो. समोर हिरवं दिसलं की सुटल्यासारखं वाटतं, हो ना? तुमच्याही नाईट सलग किती लागतात, ते त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लागा. तीन-चार महिन्यांनी वहीकडे कोणी ढुंकून बघत नसेल, उलट ती बंद कर म्हणत असतील, तर मग मला परत लिहा. तेव्हा माझं उत्तर वेगळं असेल.

तोवर एक काम बाकी आहे. त्या कॅप्टननी टॅक्सीवेवरच्या प्रकाराचा रिपोर्ट भरला का, विचारा. भरला नसेल तर भरा म्हणावं, आणि फोनवरचं बोलणं तुम्ही तुमच्या बाजूनं लिहून देताय हेही सांगा. त्यांना एकट्याला लिहायला जड जात असेल. फक्त आधी रोस्टर बघा. विश्रांतीत असतील तर फोन करू नका, मेसेज टाकून ठेवा. उठल्यावर वाचतील.